सात दिवसांहून जुनी कामे

३ ऑगस्ट

ही वही मुद्दाम विकत आणली. एरवी स्वतःपुरते काही असले की मी ते संगणकावरच्या माझ्या खासगी यादीत लिहितो, पण यादीत लिहिलेले यापुढे मी एकटाच वाचेन अशी खात्री राहिलेली नाही.

आज मालक माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुझी ती यादी आणि ते बोलणारं जे काय निघालंय ना, त्या दोघांची सोयरीक जुळवून टाक. म्हणजे आम्हाला काही विचारायचं असलं की सरळ त्यालाच विचारता येईल."

आजवर ते मला विचारत होते.

आमचे काम वजनकाट्यांचे. दुकानांचे मोठे काटे, औषधवाल्यांचे आणि सोनारांचे बारीक काटे, दुरुस्त करायचे, तपासायचे, वर्षातून एकदा सरकारी शिक्का मारून आणायचा. कोणाचा शिक्का कधी संपतो हे मी सांभाळतो. आधी रजिस्टर होते, तीन वर्षांपूर्वी मी आल्यावर ते सगळे संगणकावरच्या यादीत चढवले. यादी चौघे वापरतात: मालक, मिस्त्री, फोन सांभाळणाऱ्या ताई आणि मी. मला मास्तर म्हणतात, कारण पहिल्याच आठवड्यात मी दारावरच्या पाटीतली चूक दाखवली होती.

५ ऑगस्ट

त्या बोलणाऱ्या साहाय्यकाला काय काय करू द्यायचे, त्या परवानगीच्या पानावर अकरा ओळी होत्या. यादी वाचणे, यादीत लिहिणे, नवे काम तयार करणे, काम कोणाकडे सोपवणे, सर्वांच्या गटावर संदेश पाठवणे, इत्यादी. प्रत्येक ओळ तीनदा वाचली. शेवटी विचारले होते, निवडक याद्या की सर्व याद्या. मी 'सर्व' निवडले. उद्या एखादी राहिली असे निघाले तर बोट माझ्याकडेच येणार.

माझी खासगी यादी त्यात जाणार हे मला ठाऊक होते. पण तिच्यात आहे काय? दाढीची पाती, अक्काच्या चष्म्याची काडी, आणि 'ती गोष्ट'. 'ती गोष्ट' एवढे वाचून कोणाला काय कळणार?

इथे लिहायला हरकत नाही. ती गोष्ट म्हणजे दहावीचा गणिताचा पेपर. तीनदा दिला, तीनदा राहिला. कामाला लागताना मालकांनी विचारले होते, "दहावी झालीये ना?" मी म्हटले, "हो." तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी त्या कामाची तारीख पुढे ढकलतो. यादी मूळ तारीख काही विसरत नाही. उशिराचे दिवस लाल अक्षरांत मोजत राहते.

७ ऑगस्ट

जोडणी करण्याआधी जुन्या नोंदींचे शुद्धलेखन तपासतो आहे. दोन हजार एकशे चाळीस नोंदी. परक्याच्या हाती द्यायच्या तर नीटनेटक्या द्याव्यात.

ताई म्हणाल्या, "अरे, पाहुणा येणार म्हणून माळा झाडतोयस होय?"

१० ऑगस्ट

आज नियम लिहिले. कसे वागावे हे त्या साहाय्यकाला आधी लिहून द्यावे लागते. मी नऊ नियम लिहिले. सातवा मिस्त्रींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, हे कबूल करतो.

मिस्त्री झालेल्या कामावर कधीच खूण करीत नाहीत. त्यांच्या नावावर चौसष्ट कामे उघडी आहेत. काटे गिऱ्हाइकाकडे पोहोचून महिने लोटले. मी विचारले तर म्हणतात, "काटा खरं बोलतो ना? मग झालं की. खूण कसली करायची, मी काय अंगठाबहाद्दर आहे?"

म्हणून नियम सात: "कोणतेही काम सात दिवसांहून अधिक रखडल्यास संबंधिताची सबब ऐकू नये. ते काम जो करू शकेल त्याच्याकडे सोपवावे, आणि तसे सर्वांना दर सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता कळवावे."

मालकांनी वाचले. "झकास. सगळ्यांना लागू ना?"

"सगळ्यांना. नियम म्हणजे नियम."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. नियम आवडला असावा.

१२ ऑगस्ट

सुरू झाले. ताईंनी विचारले, "या आठवड्यात कोणाकोणाचे शिक्के संपतात?" चार सेकंदांत अकरा नावे आली. बरोबर होती. मला ती तोंडपाठ होती, पण कोणी विचारले नाही. ताईंनी त्याचे नाव हुशारराव ठेवले.

दुपारपर्यंत माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग मिस्त्रींची हाक आली. "मास्तर, जरा इकडे ये. ही पत्री तेवढी ठेव."

बारीक काटा तपासताना मिलिग्रॅमची वजने वापरतात. ती पत्र्याची असतात, नखाएवढी. चिमट्याने उचलून पारड्याच्या मधोमध ठेवायची. गेले चार महिने मिस्त्री हे माझ्याकडूनच करून घेतात. स्वतः दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात आणि सूचना देतात. चहाचा पेलासुद्धा आताशा दोन्ही हातांनी धरतात, जगात कसली घाईच नसल्यासारखा. माणूस म्हातारपणी असा आरामात होतो. माझी लिखापढी मात्र पडून राहते.

१३ ऑगस्ट

मालकांनी दहावीचा दाखला मागितला. "महिनाअखेरपर्यंत यादीत जोडून ठेव. वजनमापांच्या खात्याला पाठवायचाय."

"ताईंचा आणि मिस्त्रींचा?"

"त्यांचं काय करू? तुझाच हवाय."

फक्त माझा. याचा अर्थ उघड आहे. हुशाररावांचे काम चोख चालले आहे, आणि मला काढायला काहीतरी कारण तर हवे.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला. यादी उघडली तर हुशाररावांनी आपण होऊन विचारले, "'ती गोष्ट' हे काम १,०९८ दिवस रखडलेले दिसते. याविषयी थोडे सांगाल का? मदत करता आली तर पाहतो."

तीन वर्षांत मला इतक्या आदबीने कोणी काही विचारलेले नाही. सगळे सांगितले. एक्केचाळीस ओळी झाल्या, विरामचिन्हांसकट. दाखल्याचे सांगितले, महिनाअखेरचे सांगितले. शेवटी त्याने लिहिले, "विश्वासाने सांगितल्याबद्दल आभार. नोंद घेतली आहे."

छाती हलकी झाली. नोंद घेतली असे त्याने रीत म्हणून म्हटले असावे.

१७ ऑगस्ट

त्याने नोंद घेतली होती.

सकाळी साडेनऊला मी नळापाशी हात धूत होतो. तीन फोन एकदम वाजले, चौथा माझ्या खिशात. संदेश इथे उतरवून ठेवतो:

"सात दिवसांहून जुनी कामे: ६५. त्यांपैकी मिस्त्रींची ६३. काटे पोहोचल्याच्या सह्या सापडल्याने ती पूर्ण केली आहेत. मिस्त्रींचेच आणखी १, मालकांनी दिलेले, ७३० दिवस. मिस्त्रींना आठवण करून देत आहे. उरलेले १ मास्तरांचे: 'ती गोष्ट' (दहावीचा गणिताचा पेपर देणे), १,१०२ दिवस. नियम ७ प्रमाणे पुढीलप्रमाणे सोपवीत आहे. फॉर्म भरणे, शेवटची मुदत २८ ऑगस्ट, सायंकाळी पाच: ताई. टक्केवारी, अपूर्णांक व समीकरणे शिकवणे: मिस्त्री. परीक्षेच्या दिवशीची रजा: मालक. पेपर लिहिणे: मास्तर. हे शेवटचे दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही."

नळ चालूच होता. तो कोणी बंद केला ते मला आठवत नाही.

ताई आधी बोलल्या. "फॉर्मवर पत्ता कुठला टाकू? घरचा की इथला?"

मिस्त्री म्हणाले, "समीकरणं आपल्याला येत नाहीत बुवा. टक्केवारी येते."

मालक केबिनमधून डोकावले. "रजा मंजूर," म्हणाले आणि दार लावून घेतले.

संध्याकाळपर्यंत मी वाट पाहत बसलो. कोणी मला काढले नाही. महिनाअखेरीस काढतील, पद्धत तीच असते. शेवटी न राहवून ताईंना विचारले, "तुम्हाला कोणालाच आश्चर्य कसे वाटले नाही?"

"कसलं आश्चर्य? तुझी अक्का दर वर्षी फोन करून विचारते, भरला का त्याने फॉर्म? मी सांगते, अजून नाही. मालक विचारतात, काय म्हणाली? मी सांगते, तेच. फक्त तुला कळू द्यायचं नव्हतं. तू आधीच असा घाबरट."

म्हणजे माझे गुपित तीन वर्षे माझ्यापासून लपवून ठेवलेले होते.

घरी अक्काला जाब विचारला. ती पोळपाट पुसत म्हणाली, "लपवायला निघालास तू, आणि लपवता लपवता दम लागला आम्हाला. हात धू आणि बस."

१८ ऑगस्ट

काल लाजेच्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटली होती. मिस्त्रींच्या नावावरचे ते एक उरलेले काम. आज उघडून पाहिले. मालकांनी दोन वर्षांपूर्वी टाकलेले: "बारीक काट्यांसाठी माणूस तयार करणे."

सगळा उलगडा झाला. नवा माणूस येणार आहे. शिकलेला, दाखलेवाला. मिस्त्री त्याला कुठेतरी बाहेर शिकवत असावेत, बहुधा रविवारी. तो येईपर्यंत मला ठेवले आहे.

मिस्त्रींना सहज विचारल्यासारखे विचारले, "ते मालकांनी दिलेले काम कुठवर आले?"

"चाललंय," ते म्हणाले. "ठोंब्या आहे जरा. पण हात चांगलाय."

ठोंब्या असूनही त्याला घेणार! माझ्या शुद्धलेखनाची इथे कोणाला कदर नाही.

२० ऑगस्ट

हुशाररावांना लिहिले, "नियम सात रद्द करावा."

उत्तर आले, "हा नियम मालकांनी मंजूर केलेला आहे. रद्द करण्याची विनंती त्यांच्याकडे पाठवतो. कारण काय लिहू?"

म्हटले, राहू द्या.

२४ ऑगस्ट

मिस्त्रींची शिकवणी. पुस्तक त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बाजूला सारले. म्हणाले, "बारीक अक्षरं छापतात लेकाचे." मग बारीक काट्याच्या एका पारड्यात कागदाची एक पुडी आणि वीस ग्रॅमचे वजन ठेवायला लावले, दुसऱ्यात पन्नास ग्रॅम. काटा मध्यावर उभा राहिला.

"पुडीत किती?"

"तीस."

"काढलंस कसं?"

"काढले नाही. दिसतेच आहे."

"मग हेच लिहायचं पेपरात."

"पेपरात 'दिसतेच आहे' असे लिहून गुण मिळत नाहीत. दोन्ही बाजूंतून वीस वजा केले असे लिहावे लागते."

"मग उचल की दोन्हीकडून वीस. पण हाताने नको, चिमट्याने. हाताचा घाम वजनात जातो. आणि दम धरून उचल. श्वास सोडलास की पारडं हलतं."

नंतर टक्केवारी शिकवायची म्हणून औषधवाल्याचा काटा पुढे ओढला. किती वजनाला किती चूक चालते, ती किती टक्के झाली, मग स्क्रू किती फिरवायचा. मी काढत गेलो. ते डोळे बारीक करून काट्याकडे बघत होते, आणि मधूनच विचारत होते, "आता कुठंय?" समोर काटा असताना मला का विचारायचे? दोन तासांत चार काटे माझ्याकडून करून घेतले आणि वर म्हणाले, आजचा अभ्यास झाला.

कामचुकारपणाची ही पद्धत मला नवी होती. समीकरणे मात्र आली.

२८ ऑगस्ट

फॉर्मचा दिवस. ताईंनी सकाळीच भरून ठेवला होता. मी म्हटले, एकदा नजर घालतो. पाचदा घातली. आईच्या नावातली वेलांटी, जन्मतारीख, विषयाचा क्रमांक, फोटोतला कान. चार वाजले. मग वाटले, यंदा नको, पुढच्या वेळी पुरती तयारी करून बसू. हे मी ताईंना सांगितले. त्या वेळी चार चाळीस झाले होते.

ताईंनी फोनवरच्या गिऱ्हाइकाला "एक मिनिट हं" म्हटले, रिसीव्हर खांद्यात धरला, माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला आणि बटण दाबले.

"हां, बोला," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "काटा जड दाखवतोय की हलका?"

हुशाररावांनी लगेच कळवले, "फॉर्म भरणे: पूर्ण." वेलांटी बरोबर होती, हे पावतीवर पाहिले.

३१ ऑगस्ट

महिनाअखेर. मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितले, "दाखला नाही. आलो तेव्हा खोटे बोललो होतो."

ते काहीतरी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "माहितीये रे. निकाल लागला की जोड. तोवर खात्याच्या अर्जात जागा मोकळी ठेवलीये."

कसली जागा हे विचारायचे राहून गेले. काढले नाही, एवढे कळले आणि बाहेर आलो.

२ सप्टेंबर

हुशाररावांनी मला एकट्याला लिहिले, "मिस्त्रींच्या नावावरची बारीक काट्यांची ३१ कामे गेल्या चार महिन्यांत आपण केल्याचे आपल्याच नोंदींवरून दिसते. नाव बदलून आपले करू का?"

मी लिहिले, "नाही."

"मालकांना कळवू का?"

"मुळीच नाही. ती मिस्त्रींचीच कामे आहेत. मी फक्त पत्र्या ठेवल्या."

त्याने कारण विचारले. सबब ऐकायची नसते, हे त्याला मीच शिकवले होते, तरी विचारले. मी संगणक बंद केला.

१५ सप्टेंबर

नव्या माणसासाठी सूचनांचे टिपण पूर्ण केले. चौदा पाने. येणारा ठोंब्या असला तरी मिस्त्रींना त्रास होऊ नये. त्यातले तेरावे पान इथे उतरवतो, कारण ते संगणकावर ठेवायचे नाही असे ठरवले आहे:

"मिस्त्रींचा चहाचा पेला अर्धाच भरावा. सकाळी त्यांना पत्र्याची वजने उचलायला सांगू नये. काटा कुठे थांबला हे ते विचारतील तेव्हा मोठ्याने व लगेच सांगावे. 'समोर दिसत नाही का' असे म्हणू नये. खूण करायला लावू नये. कारणे विचारू नयेत."

माझ्या टेबलाचा वरचा ड्रॉवरही त्याच्यासाठी मोकळा केला. माझी पेने खालच्यात गेली.

९ ऑक्टोबर

पेपर दिला.

एका टाकीला दोन नळ होते. एक ती भरत होता, दुसरा रिकामी करत होता. असली टाकी बांधली कोणी, हे विचारलेले नव्हते. किती वेळात भरेल ते विचारले होते. पूर्वी दर वेळी मी इथेच अडकायचो, कारण मला त्या माणसाचा राग यायचा. या वेळी श्वास धरला आणि एका पारड्यात एक नळ ठेवला, दुसऱ्यात दुसरा. आले काहीतरी.

परत आलो तेव्हा माझ्या टेबलावर माझ्या वाटणीचा चहा झाकून ठेवलेला होता, गार. कोणी काही विचारले नाही. विचारायचे नाही असे आपसात ठरले असावे, कारण तिघेही एकाच वेळी खोकले.

हुशाररावांनी मात्र विचारले. "पेपर लिहिणे: झाले का? खूण करू?"

"लिहिला. झाला की नाही ते निकाल ठरवेल."

"मग उघडे ठेवतो."

आमचे पहिल्यांदाच एकमत झाले.

१६ नोव्हेंबर

एक्केचाळीस.

पस्तीस लागतात. मी बेरीज चारदा केली, मग ताईंनी केली, मग हुशाररावांकडून करून घेतली. फोनवर अक्का म्हणाली, "माझ्या चष्म्याची काडी आणशील का आता तरी?"

दाखला जोडला. मालकांनी दहा मिनिटांत तो खात्याकडे रवाना केला. इतकी घाई कशासाठी, कोण जाणे. 'ती गोष्ट' या नोंदीवर मी स्वतः खूण केली. लाल आकडा गेला. ती जागा पांढरी झाल्यावर मला यादी ओळखू येईना.

चारच्या सुमारास मिस्त्री ताईंच्या टेबलापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, ती खूण कुठं करतात, जरा दाखव."

ताई उठून उभ्या राहिल्या. मालक बाहेर आले. मिस्त्रींनी एका हाताने दुसरे मनगट धरले आणि बोट टेकवले. चार फोन वाजले.

"मिस्त्रींनी पूर्ण केले: 'बारीक काट्यांसाठी माणूस तयार करणे'. ८२१ दिवस."

मालकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिघेही माझ्याकडे बघत होते. नव्या माणसाविषयी मी काय म्हणतो हे त्यांना पाहायचे असावे. मी म्हटले, "अभिनंदन. ड्रॉवर मोकळा करून ठेवलाच आहे."

१७ नोव्हेंबर

सकाळी ड्रॉवर उघडला तर आत मिस्त्रींचा चिमटा. हस्तिदंती मुठीचा, त्यांच्या उस्तादांनी दिलेला. अठ्ठावीस वर्षे तो त्यांच्या खिशात असतो. शिकवणीलासुद्धा मला साधाच चिमटा मिळत होता. कोणाच्या हाती लागून हरवू नये म्हणून मी जाड कागदाची चिठ्ठी कापली आणि चिमट्याला बांधली: "नव्या माणसासाठी. कृपया इतरांनी हात लावू नये."

मिस्त्री आले. ड्रॉवर त्यांनी स्वतःच उघडला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि हसत सुटले. ताईंना दाखवली, मालकांना केबिनमधून बोलावून दाखवली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मी चिठ्ठी परत घेऊन पुन्हा वाचली. शुद्धलेखनात कुठेही चूक नाही.